लोणकढी

चाहूमामा एकोणीस वर्षं जहाजावर खलाशी होता,
पण समुद्राबद्दल खरं असं त्याच्या तोंडून फार काही निघालं नाही.
निघाला तो एक धक्का, न्यू ऑर्लिअन्सचा,
पिंपावर बसलेला लाल मानेचा एक गोरा हमाल,
आणि पैज: ज्याची थाप छोटी, त्यानं बाटली पाजायची.

गोरा म्हणाला, आमच्या माळावर वारा असा,
की एका रात्रीत विहीर उपटून शेजारच्या गावात नेऊन ठेवली.
बादली तेवढी आमच्याकडं राहिली. खटला अजून चालू आहे.

मामानं विडी पेटवली.
आमच्या खाडीत एक जिताडा होता,
डोकं उरणला, शेपूट बेलापूरला.
तो कुशीवर वळला की भरती.
शेपटाकडून कापत कापत सात गावांनी कालवण केलं,
डोक्याला तीन दिवस पत्ताच नाही.

गोरा म्हणाला, आमच्या उत्तरेला थंडी अशी,
की बोललेलं हवेतच गोठतं,
आणि चैत्रात वितळलं की भांडणं ऐकू येतात
(चैत्र मामाचा, त्या हमालाचा नव्हे).
मामा मिठागरात जन्मलेला. म्हणाला,
"आमचे आगरान शब्द सुकतान. मीठ होतं त्यांचं.
आमी ते कालवनान टाकताव."

गोऱ्यानं बाटली आणली.
साक्षीदार कुणी नाही.

परत आला तो तरघरला, उलव्याच्या डोंगराखाली,
आणि डोंगरही त्याच्या तावडीतून सुटला नाही.
म्हणे आज्यानं दुपारच्या झोपेसाठी खांद्यावरून उतरवून ठेवला,
उठला, आणि न्यायचा विसरला.
आम्हा भाचरांना त्यावर आज्याच्या खांद्याचा खळगासुद्धा दाखवायचा.

एका माघात देवस्थळी नावाचा पोरगेला इंजिनीअर आला,
तिपाई, दुर्बीण, पाण्याची बाटली.
मामानं त्याला सावलीत बसवलं, आज्याची गोष्ट सांगितली.
पोरगा हसला नाही. म्हणाला,
काका, हा डोंगर आम्ही कापणार. आठ मीटर ठेवू.
मामाचे डोळे चमकले.
"बरं, आनि ती नदी?"
नदी वळवू.
मामानं मांडीवर थाप मारली.
"आनि गावां?"
गावं उचलून पलीकडं ठेवू, प्लॉट पाडलेत.
मामा उठला, घरात गेला,
जहाजावरून आणलेली, कुणालाही हात लावू न दिलेली बाटली
त्यानं त्या पोराच्या हातात ठेवली.
वीस वर्षांनी बरोबरीचा गडी भेटला होता.

देवस्थळी कामावर पीत नसे.
बाटली ओट्यावर ठेवून गेला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.
दुपारी भोंगा, मग हादरा, मग फळीवरची भांडी.
मामा रोज बाहेर खुर्ची टाकून बसायचा,
कुणीतरी येईल आणि म्हणेल, चाहूशेट, फसलात,
अशा तोंडानं.
कुणी आलं नाही. खळगा गेला, मग खांदा गेला,
मग एके दिवशी त्या जागी नुसतं आकाश होतं, खूप खालपर्यंत.

नव्या घरात तो तीन वर्षं जगला.
जेवण कसं झालं? ठीक.
पाऊस? बरा आहे.
सगळं मोजून मापून, सरकारी दप्तरासारखं.
एकदाच मी मुद्दाम म्हटलं, मामा, तो जिताडा...
"मासा होता," म्हणाला. "मोटा होता."

काल मुलाला घेऊन गेले होते, विमानं दाखवायला.
कुंपणाच्या जाळीला नाक लावून तो मोजत होता.
म्हटलं, इथं डोंगर होता.
पार ढगापर्यंत नाही, पण होता. बाजूनं नदी जायची.
तिथं, त्या दिव्याच्या खांबाच्या अलीकडं, आमची चूल.
त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.
"आई, किती फेकतेस!"

आणि मला, देवाशप्पथ, बरं वाटलं.
म्हटलं, ऐक तर.
तो डोंगर आधी इथला नव्हताच.
माझ्या मामाचा आजा होता, त्याचे खांदे